गोदामातले पाव्हणे

॥ श्री ॥
कुसळदरा, मार्गे नांदूरघाट
दि. १४ डिसेंबर २०१४

चि. धर्मराज यास उत्तरेश्वरमामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे खुशाल, म्हणजे दुष्काळात माणूस जितका खुशाल असतो तितके. फोन असताना पत्र कशाला, असे तू मागे विचारलेस. फोनवरचे बोलणे वाऱ्यावर जाते बाबा, कागदावर तारीख राहते. मी सातवी पास माणूस. पण बावीस वर्षांत या गावातला प्रत्येक साप मी धरला, पारखला आणि रानात सोडला. एकही पुस्तक कुणी शिकवले नाही, तरी आज तालुक्याहून बोलावणे येते.

ज्वारी वीतभर वाढली आणि वाळली. शिवारात दाणा नाही म्हणून सगळे उंदीर आमच्या सोसायटीच्या गोदामात आलेत. पुढच्या मृगाचे बी तिथे आहे. ते गेले तर गाव पेरणार काय? मी राखणदार, म्हणून चेअरमन त्रिंबकराव मला रोज ऐकवतात की, उत्तरेश्वरा, तू सापांचा दोस्त का उंदरांचा, ते एकदा ठरव. गोदामात दोन धामणी होत्या. उन्हाळ्यात पाण्यावाचून त्याही गेल्या.

तुझी आई ऊसतोडीला जाताना सांगून गेली की तू खोलीवर काचेच्या पेटीत साप पाळलास आणि घरमालक खवळलाय. तुझी मामी म्हणाली, घरात एक सापवाला हाय तेवढा पुरे न्हवता का, भाच्यानं पन तोच धडा गिरवला. लग्नाला तीस वर्षे झाली, अजून चित्रातला साप पाहिला तरी ती पदर आडवा धरते.

साप कोणता, किती लांब, खातो काय, ते नीट लिही. उंदीर खात असेल तर घेऊन ये. माझ्या गोदामाला साप पाहिजे, तुझ्या सापाला घर.

जेवत जा, असा मामीचा निरोप आहे. माया आहे ती पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
उत्तरेश्वर


पुणे
दि. २२ डिसेंबर २०१४

तीर्थरूप मामांस धर्मराजचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचे पत्र पोचले. साप आफ्रिकेतला आहे, अजगराची छोटी जात. तीन-साडेतीन फूट लांब, मनगटाएवढा जाड. विष अजिबात नाही. घाबरला की डोके आत घालून चेंडूसारखी गुंडाळी करतो. मित्राकडून हौसेने घेतले. असे दोन आहेत, दोन्ही नर, असे तो म्हणतो. घरमालकाने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती, ती हातापाया पडून संक्रांतीपर्यंत वाढवून घेतलीय.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. तपकिरी अंग, त्यावर डाग, गुबगुबीत देह. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला आपली परडच वाटली. शहरातले लोक जिला घोणस म्हणतात ती. आई-दादा उसाला गेले की मी तुमच्याकडे असायचो, तेव्हा तुम्ही घोकून घेतले होते ना, जाड, आखूड, ठिपक्याचा दिसला की दहा पावले मागे. तसा मी मागे सरलो, तर मित्र खदाखदा हसला.

इथल्या प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी बजावले आहे की परमुलखातला प्राणी आपल्या रानात सोडू नये. म्हणून पेट्यांसकट आणतो. तुम्ही त्या गोदामात ठेवा, पण मोकळे सोडू नका.

मामीला सांगा, धर्मा येतोय, हुलग्याची शेंगोळी करून ठेव. आणि पेटीकडे बघायचे नसेल तर पाठ करून वाढ.

तुमचा हात डोक्यावर राहू द्या.

आपला,
धर्मराज


कुसळदरा
दि. २ मार्च २०१५

चि. धर्मराजास आशीर्वाद.

तू गेल्यावर आठ दिवस मी पेटीत उंदीर टाकले. मग विचार केला, हा साप आहे का जावई, की हाताने भरवायचा? दोघांना मोकळे केले. रागावू नकोस, परिणाम बघ. महिना झाला, पोत्यांना एक नवे भोक नाही. त्रिंबकराव स्वतः चहा पाजतात.

पहिल्या दिवशी मात्र बोंब झाली. शेजारचा सिदू परड परड करत काठी घेऊन धावला. मी त्याच्यासमोर साप उचलला आणि गळ्यात घातला. सिदू म्हणाला, मामा, हा तर तुमच्या पाव्हण्यावानी गप बसलाय. तेव्हापासून गावाने त्याचे नाव पाव्हणा ठेवले.

नुसते नाव पुरत नाही, फरक कळला पाहिजे. म्हणून गोदामाच्या भिंतीवर मी दोन चित्रे काढली. परडीचे डोके त्रिकोणी, पाठीवर साखळीसारख्या तीन ओळी, डिवचली तर कुकरसारखी फुसकारते. पाव्हण्याचे डाग वेडेवाकडे, मान बारीक, आवाज नाही. खाली लिहिले, पाव्हण्याला मारू नका, उचलून गोदामात आणा. बावीस वर्षे गावाला मी एकच गोष्ट शिकवली होती, मागे सरा. आता गाव पुढच्या इयत्तेत गेले.

आणि खरी बातमी. तुझ्या मामीने पाव्हणा हातात घेतला! आधी दोन्ही डोळे मिटले, मग एक उघडला. म्हणाली, गार लागतंय, वाळूत ठेवलेल्या घागरीवानी. मग म्हणाली, तीस वर्षं भ्याले ती फुकटच की. आता चुलीमागे दिसला तर सुपात घालून गोदामात आणून सोडते, आणि वाटेत बायकांना दाखवते. माझ्या विद्येचे याहून मोठे सर्टिफिकेट नाही.

उत्तर लवकर घाल, मनात अढी न धरता.

उत्तरेश्वर


कुसळदरा
दि. १८ ऑगस्ट २०१५

चि. धर्मराजास आशीर्वाद.

तुझे एप्रिलचे रागाचे पत्र मिळाले. उत्तर दिले नाही, कारण काम फार. पाऊस यंदाही नाही. वाचवलेले बी मातीत घातले, ते मातीतच राहिले. टँकर आता तीन दिवसांनी.

तुझ्या मित्राचे दोन नर बाळंत झाले. गोदामात बारदान हलवले तर खाली अंड्यांची तेरा टरफले. पुणेकरांची हुशारी बघून मामी पोट धरून हसली. पण हसणे सोड. गोदामातले उंदीर संपले, तसे पाव्हणे गावात शिरलेत. कडब्यात, न्हाणीत, खुराड्यात. भिवराबाईची नऊ पिल्ले एका आठवड्यात गेली. ती दारात येऊन म्हणाली, उत्तरेश्वरा, तुझा पाव्हणा जेवून गेला, आता आहेर कदी करतोस?

मला दोन गोष्टी खटकतात. एक, वर्षभरात शिवारात एकही धामण दिसली नाही. दुष्काळाने गेल्या की पाव्हण्यांनी त्यांच्या तोंडचा घास काढला, ते ठरवता येत नाही. दुसरी, परवा एका दिवसात ओढ्याच्या अंगाला पाच मोठे पाव्हणे बघितले, पुरते वाढलेले. दोन-तीन महिन्यांची पिल्ले एवढी होत नाहीत. तू दोन आणलेस. मला हिशेब लागत नाही. खरे ते लिही.

लेकरा, मामाशी लपवाछपवी नसावी, हीच अपेक्षा.

उत्तरेश्वर


पुणे
दि. ५ सप्टेंबर २०१५

तीर्थरूप मामांस नमस्कार. वि. वि.

संक्रांतीला मी पाच साप आणले होते. तीन मित्राचे. तो पुणे सोडून चालला होता, त्याने माझ्या गळ्यात घातले. पाच बघून तुम्ही नाही म्हणाल, या भीतीने तीन मी येतानाच ओढ्याच्या पुलाखाली सोडले. त्यांत माद्या किती, ते मला माहीत नाही. मी तुमच्याशी खोटे बोललो.

मामा, काय बोलायचे ते बोला, पण एक करा. भिंतीवरची चित्रे पुसा. आणि पुढचे वाक्य मामीला वाचून दाखवा, तिला वाचता येत नाही म्हणून तुमच्यावर सोपवतो. मामी, ठिपक्याचे काहीही दिसले तरी हात लावायचा नाही, मामांनी सांगितले तरी नाही.

परड आणि पाव्हण्यातला फरक तुम्हाला दिसतो, कारण तुमचे डोळे बावीस वर्षे त्यात मुरलेत. कडब्याच्या सावलीत तिला तो कसा दिसणार?

चुकलो आहे. तरी आपला समजावे.

धर्मराज


कुसळदरा
दि. २ नोव्हेंबर २०१५

चि. धर्मराजास.

तेराव्याला आलास, तीन दिवस राहिलास, माझ्या पाया पडून गेलास. तुझ्या तोंडाकडे बघून जे सांगता आले नाही, ते लिहितो.

तुझे पत्र ९ सप्टेंबरला मिळाले. मी ते तुझ्या मामीला वाचून दाखवले. तू खोटे बोललास तेही वाचले. ती म्हणाली, लेकरू हाय, भ्यालं आसंल, सोडा. तुझे तिच्यासाठीचे वाक्य मी वाचले नाही. माझ्या अंगणात वाढलेले पोर मला माझीच विद्या शिकवते, असे वाटले. कागदाची घडी घातली. भिंत तशीच ठेवली.

६ ऑक्टोबर, मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. ती बैलांसाठी गंजीतून कडबा काढत होती. बोट धरून ओसरीवर आली. म्हणाली, तुमचा पाव्हणा आज डसला बगा, उचलाय गेले तर. हसत होती. मी गोदामाची वही लिहीत होतो. मान वर न करता म्हणालो, हळद लाव, त्याला विष नसतं. तिने हळद लावून चिंधी बांधली.

साडेतीनला म्हणाली, लई ठणकतंय. मी म्हणालो, तुला सवय नाही. चार वाजता सूज मनगटाच्या वर होती. मी म्हणालो, तीस वर्षांचं भेव असं एका दिवसात जात नसतं. त्यावर ती लाजली. म्हणाली, मी न्हाई भीत आता. आणि चहा ठेवायला उठली. सूज कशाने येते हे मला ठाऊक नव्हते असे नाही, धर्मा. हे सगळे मी लोकांना सांगत फिरतो. पण ती पाव्हणा म्हणाली होती, आणि पाव्हणा तिला मी शिकवला होता. माझे शिकवलेले चुकेल, हे मनात आलेच नाही.

पावणेपाचला तिच्या हिरड्यांतून रक्त आले. तेव्हा मी चिंधी सोडली. दोन दात, अंतर पाऊण इंच. गंजीपाशी गेलो, परड तिथेच होती.

सिदूची जीप, सहा वाजता दवाखाना. डॉक्टरांनी चावल्याची वेळ विचारली, ती मी सांगितली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितले आणि कामाला लागले. बीडला हलवले. दोन दिवस सगळ्यांनी शर्थ केली. दुसऱ्या रात्री ती शुद्धीवर होती. विचारले, त्यो पाव्हणा न्हवता का? मी नाही म्हणालो. मग म्हणाली, तुमी कसं वळखलं न्हाई? टोमणा नव्हता. तिला खरेच कळत नव्हते.

गावाला मी सांगितले की तिने दुखणे अंगावर काढले, उशिरा बोलली. तुझ्या आईला तेच सांगितले, तुलाही. मेलेल्या बाईवर मी आळ घेतला. ती लगेच आली होती. दहा पावलांवरून, ओसरीपर्यंत.

लोभ मागायला जागा नाही. वाचलेस एवढे कळव.

उत्तरेश्वर


पुणे
दि. १५ नोव्हेंबर २०१५

तीर्थरूप मामांस नमस्कार.

वाचले. दोनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचवेना.

तुम्ही वाक्य वाचले नाही, पण ते वाक्य लिहायची वेळ मी आणली. मी सुट्टी टाकतो. साप धरणारी चार माणसे बरोबर आणतो, शिवार पालथे घालतो, जेवढे सापडतील तेवढे उचलून नेतो. गावापुढे उभा राहून सांगतो की हे सगळे पुलाखाली मी सोडले. मामीने मला दर वर्षी सहा महिने जेवू घातले. तिच्यासाठी एवढे तरी करू द्या. येऊ का, ते लिहा. कागदावरच लिहा.

तुमचाच,
धर्मा


कुसळदरा
दि. २४ जानेवारी २०१६

चि. धर्मास.

येऊ नकोस. मी ग्रामसभेत उभा राहिलो आणि तीन दहापासून पावणेपाचपर्यंत मिनिटामिनिटाने सगळे सांगितले. कुणी शिवी दिली असती तर बरे वाटले असते. भिवराबाई तेवढी तुझ्या मामीचे नाव घेऊन म्हणाली, मंजुळा तुझ्या शबुदावर गेली, आन तू तिलाच खोटं पाडलंस. नंतर भिंतीला मी चुना दिला.

गाव आता साप दिसला की मारते. आधी पाव्हणे मारले, मग नाग, मग टँकरच्या ओलीला आलेली पाणदिवड. दीड वर्षाने एक धामण दिसली होती, तीही. मी अडवले नाही. अडवताना काय सांगायचे? माझे ऐका, हा बिनविषारी आहे? आणि पाव्हणे संपत नाहीत. ओढ्याच्या कपारीत परवाच नवी टरफले दिसली. तुझी चार माणसे काय, चाळीस आली तरी त्या खडकात हात पोचणार नाही. आपले मेले आणि परके राहिले. गोदामात उंदीर पुन्हा आलेत.

काल त्रिंबकरावांनी निरोप धाडला की पोत्यांमागे साप आहे, ये. सवयीने गेलो. दारात वीसेक माणसे, सगळी माझ्या तोंडाकडे बघत. जाड, आखूड, ठिपक्याचा. डोके पोत्याखाली होते. मी बघत राहिलो. घटकेत साखळी दिसे, घटकेत वेडेवाकडे डाग. पूर्वी मला शेपटाच्या टोकावरून कळायचे. सिदू म्हणाला, सांगा की मामा, कोनता हाय? मी म्हणालो, मला कळत नाही. मारा.

त्यांनी मारला आणि उन्हात ओढून आणला. डोके, मान, पाठ, सगळे समोर. त्रिंबकरावांनी पुन्हा विचारले, आता तरी सांग, कोणता होता?

मी म्हणालो, साप होता.

तुझ्यावर राग नाही. जेवत जा, असे सांगणारी गेली, म्हणून मीच लिहितो.

उत्तरेश्वर