वरवंट्याखालचं बोट

प्रिय चारू,

काल फोनवर तू जे मागितलंस त्याला मी ‘बघते’ म्हणाले आणि विषय बदलला. तोंडानं सांगायला जमलं नसतं, म्हणून लिहितेय.

तुझे बाबा गेल्यावर कारखान्याच्या कागदांवर मी सह्या करत राहिले, अकाउंटंट बोट ठेवतील तिथं. मग माझीच मला लाज वाटली आणि कर समजावणारं एक पुस्तक आणलं. रोज दुपारी बाबांच्या खुर्चीत बसून, पेन्सिल घेऊन वाचते. गारखेड्याच्या फ्लॅटच्या भाड्यावर कर कसा बसतो, कंपनीनं नफ्यावर काय भरायचं, हळूहळू कळत गेलं. अडलं की अजूनही मान वर करून त्यांना विचारायला जाते.

मागच्या आठवड्यात मालकानं कामगारांसाठी काय भरायचं ते प्रकरण वाचलं. पीएफ, विमा, त्यातला आपला हिस्सा. पॅकिंगच्या द्वारकाबाई तू शाळेत होतीस तेव्हापासून करमाडहून येतात. त्यांना पगार रोख मिळतो, यादीत त्यांचं नावच नाही. म्हणजे यातलं काहीच त्यांना नाही. नाव लावायचं ठरवलं, आणि मागचं सगळं निघेल, दंड बसेल, या भीतीनं पुस्तक मिटून ठेवलं.

मंगळवारी कारखान्यात प्रेस मशीनवरचा माणूस आला नव्हता, म्हणून द्वारकाबाई तिथं बसल्या आणि त्यांचं बोट चेंगरलं. घाईत, आपले कामगार जातात त्या कामगार विम्याच्या दवाखान्यातच मी त्यांना घेऊन गेले. खिडकीतल्या माणसानं कार्ड मागितलं. नाही म्हटल्यावर विचारलं, कुठं कामाला आहेत? चारू, पुस्तक वाचलं नसतं तर अडाणीपणावर ढकलता आलं असतं. खरं बोलले तर काय होईल हे मला नीट ठाऊक होतं. मी म्हणाले, ‘आमच्या घरी.’ द्वारकाबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि त्याला म्हणाल्या, ‘व्हय साहेब, वहिनीकडं सैपाकाला हाय. वरवंटा पडला बोटावर.’

टाके शेवटी खासगी दवाखान्यात घातले. येताना रिक्षात त्या म्हणाल्या, ‘वहिनी, वरवंटा आता कोण वापरतं? मिक्सर म्हणायला पायजे होतं. लई खोटं वाटलं.’ मी हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी अकाउंटंटना बोलावून यादी पाहिली. पॅकिंगला एकच नाव आहे, तुझं. नफा कमी दिसावा, कर वाचावा म्हणून बाबा तुला पगार दाखवायचे. सगळेच असं करतात म्हणायचे. पैसे तुझ्या खात्यात येत गेले, तूही कधी विचारलं नाहीस. न केलेल्या कामाचा पगार कंपनीच्या खर्चात धरता येत नाही, एवढं आता मला कळतं. म्हणून पुण्याच्या घराच्या कर्जासाठी तू मागितलेली पगाराची स्लिप मी पाठवणार नाही. तुझं नाव काढायला सांगितलंय, द्वारकाबाईंचं लावायला. मागचं जे निघेल ते भरेन. तुझं घर लांबेल. रागव माझ्यावर, पण फोन उचलत जा. सोमवारी द्वारकाबाईंना घेऊन पुन्हा त्या खिडकीपाशी जायचंय. या वेळी त्यांना माझ्यासाठी खोटं बोलावं लागणार नाही.

तुझीच,
आई