खंडेनवमीला आपोआप चाललेलं काम

खंडेनवमी, संध्याकाळ. तेलगाव

वर्षभराचं काम आज सहा वाजता गेलं. ओरडू कुणावर?

सकाळी अप्पांनी आमच्या कापडदुकानातली कात्री, मीटरपट्टी आणि माझे दोन्ही कॉम्प्युटर पुजले. दुकानातल्या कॉम्प्युटरवर झेंडूचं फूल ठेवून बजावलं, "आज औजाराला हात लावायचा न्हाई."

मी लावणारच नव्हतो! त्याचसाठी तर खपलो. साडीच्या काठांची नक्षी काढणारा माझा प्रोग्रॅम मागच्या खोलीत लिहायचा आणि सहाच्या ठोक्याला तो आपोआप तयार होऊन वायरीतून दुकानातल्या कॉम्प्युटरवर जायचा. फ्लॉपी घेऊन पळायला नको. आज दोन्ही मुद्दाम चालू ठेवले होते. सणालाही माझं काम थांबू नये म्हणून. एवढी कसली खुमखुमी होती मला?

सहाला दुकानातल्या कॉम्प्युटरचा पडदा हलला. अप्पा उठले. "आज इसावा असतो. कावून चालू केलंस रे?"

"मी हात न्हाई लावला अप्पा, ते आपोआप चालतंय," म्हणेपर्यंत त्यांनी प्लग उपटला. आता डिस्क उघडत नाही. मागच्या कॉम्प्युटरची डिस्क लहान, म्हणून मूळ प्रोग्रॅमही हिच्यावरच ठेवला होता. फ्लॉपीवर प्रत ठेवणं मीच सोडलं होतं. आपोआप होतंय ना सगळं!

"माझं वर्ष बुडवलंत तुमी," मी ओरडलो.

अप्पांनी घसरलेलं झेंडूचं फूल नीट बसवलं आणि त्या मेलेल्या डब्याला हात जोडले. त्यावर माझी नक्षी दिसायची, तेव्हा त्यांनी वर्षभरात एकदाही थांबून बघितलं नव्हतं.