सुपातला देवराव

अकोला,
ता. १४ जानेवारी १९६२

चि. सौ. इंदूबाईस वहिनीचा जयभीम. मोतीरामजींचा खोकला उतरला असेल.

त्या सकाळी माझं दळण आटोपलं होतं. जात्याभोवतीचं पीठ गोळा करून ठेवलं, अंगण झाडलं, शेळीच्या लेंड्या उचलल्या आणि केराचं टोपलं घेऊन उकंड्याकडे निघाले. तुझी आई माझ्या आधीच तिथे उभी होती. उकंड्यावर सूप ठेवलेलं आणि सुपात तुझा मुलगा, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. त्याच्या पाचवीचा दिवस. ती मला म्हणाली की केर शेजारी टाक, पोर सापडल्यासारखं उचल, घरात ने आणि इंदूला मूठभर ज्वारीला विकून टाक, म्हणजे सटवाईला वाटेल की हे कोणाचंच नाही. तू बाळंतपणाला माहेरी आलेली, तुझी आधीची दोन गेलेली. माझा तान्हा भगवंत त्याच महिन्यात गेलेला. जिच्या घरून नुकतंच नेलं तिच्याकडे सटवाई लगेच फिरकत नाही, म्हणून उचलायला मनकर्णाच पाहिजे, असं म्हातारीचं म्हणणं. मी केर टाकायला गेले आणि मूल घेऊन घरात आले.

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण त्याच पोराचं, देवरावाचं, पत्र आलं आहे आणि ते तू पाहिलेलं नसणार.

तो कचेरीतल्या मित्रांबरोबर कुठलासा विनोदी सिनेमा पाहायला गेला होता. त्यातल्या नायकाला कळतं की आपण या घरचे नाही. मग तो कोपरावरचा तीळ दाखवत खरे आईबाप शोधत फिरतो. एका पहेलवानाच्या गळ्यात पडतो, एका हवालदाराच्या, एका पेटीवाल्याच्या. लोक खुर्चीवरून पडेपर्यंत हसले, देवरावाला हसू आलं नाही, असं त्यानं लिहिलं आहे. घरी येऊन त्यानं शेजारच्या गंगूबाईला विचारलं. तिचं माहेर आमच्याच गल्लीतलं. ती म्हणाली की तुला मामीनं उकंड्यावरून आणला, इंदूनं ज्वारी देऊन घेतला आणि तिला ताप होता तोवर तू मामीच्याच दुधावर वाढला. यातलं काहीच खोटं नाही. त्यावरून त्यानं जे ठरवलं ते मात्र खोटं आहे. तो म्हणतो की मामीचा भगवंत मेलाच नाही. तो मीच.

इंदूबाई, तुझे दादा गेल्यावर मी अक्षरं शिकले ती वाण्याच्या पुडीच्या कागदावरून. नंतर विहारातली पुस्तकं वाचली. ‘आई’ हा शब्द पुस्तकांत पुष्कळदा वाचला. माझ्या नावाच्या पत्रात तो पहिल्यांदाच आला.

मी उत्तर दिलेलं नाही. खोटं मी लिहिणार नाही. पण खरं लिहायला बसले की हात पुढे जात नाही. काय करू ते कळव. घरात सर्वांना माझी आठवण सांग आणि माया आहे तशी राहू दे.

तुझी वहिनी,
मनकर्णा


अमरावती,
ता. १९ जानेवारी १९६२

मनकर्णावहिनीले इंदूचा जयभीम. आमी खुशाल आहो, म्हणजे वरून वरून.

हे पत्र शेजारची कौशल्या लिहून राहिली. नेहमीचा लिहिणारा रुसला, अन् त्याच्या गोष्टी त्याच्याच हातानं कशा लिहू? मी बोलते तसंच लिही असं तिले सांगतलं, तवा वाचून हसू नको.

वहिनी, पोरगा घरात पाहुण्यासारखा वागून राहिला. जेवला की आपलं ताट उचलून धुते. मले ‘तुमी’ म्हणते. जन्मात कधी ताट उचललं नाई त्यानं! तसं पाहिलं तं सिनेमानं थोडं चांगलंच वळण लावलं. बापाच्या कोपराकडे पाह्यते, मग आपल्या कोपराकडे पाह्यते. काल यायनं, त्याच्या बापानं, सदराच काढून ठेवला अन् म्हणाले, घे बापा, पुढून पाह्य, मागून पाह्य, तीळ सापडला तं मलेबी दाखव. मी हसली. तो नाई हसला. मोर्शीची पोरगी पाहाले जायचं होतं, तं म्हणते, आधी माय कोन ते ठरू द्या, मग सून आणा.

तू म्हणशीन, सांगत काहून नाई? कशी सांगू? सन छप्पनले आपन नागपूरले गेलो, देव सोडले, सटवाई सोडली. घरातले देवाचे टाक या पोरानंच नदीत सोडले. आता मोहल्ल्यात उभा राहून भाषण देते, का जुनं खूळ टाका, पोरंबाळं दवाखान्यात न्या. त्याले कोन्या तोंडानं सांगू का बापा, सटवाईच्या भेवानं तुले आमी उकंड्यावर ठेवला होता? माहीच शरम मले बोलू देत नाई. अन् खरं सांगू? सटवाई खोटी, हे मले पटलं. पन तो जगला, वहिनी. तो जगला म्हणून त्या सुपाले मी अजून खोटं म्हणू शकत नाई.

कळा माह्या अन् दूध तुझं. तुझा वाटा मी कधी नाई म्हटला नाई. पन त्याले हो म्हणून लिहू नको. मले दुसरं कोनी नाई.

रागानं बोलली असन तं पोटात घे. तुझी माया राहू दे.

इंदू


अमरावती,
ता. २३ जानेवारी १९६२

तीर्थरूप आईस देवरावाचा सविनय जयभीम.

मामी हा शब्द यापुढे लिहिणार नाही. तुमचं उत्तर आलं नाही, त्यावरूनच मी काय ते समजलो. नाही म्हणायचं असतं तर तुम्ही एका ओळीचं कार्ड टाकलं असतं. तुम्ही तशाच आहात.

येत्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं येतो. सोमवारची रजा काढली आहे. अर्जात कारण ‘घरगुती’ असं लिहिलं, तर साहेबांनी विचारलं की लग्न ठरलं का.

मला राग नाही, हे आधी सांगतो. तुमचे हाल असतील, किंवा आत्याबाईंना मूल जगत नव्हतं म्हणून तुम्ही मोठ्या मनानं दिलं असेल. (पाहा, त्यांना आत्या म्हणायची सवय करतो आहे. जीभ वळत नाही.) त्यांना मी सोडणार नाही. त्यांनी मला फार जपलं. सिनेमातला तो येडा प्रत्येक दारात जाऊन तीळ दाखवत होता. मला एकच दार माहीत आहे, तेव्हा माझं काम सोपं आहे.

एवढंच ऐकायचं आहे की मी लहानपणी कसा होतो. ‘भगवंत’ हे नाव आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिलं. मला ते शोभतं असं वाटलं.

प्रकृतीस जपावे. आजवर मामी म्हणून जी माया केली, तीच आता आई म्हणून असावी.

आपला,
देवराव


अकोला,
ता. ३० जानेवारी १९६२

चि. सौ. इंदूबाईस वहिनीचा जयभीम.

देवराव सुखरूप पोचला असेल. तो तुला काय सांगेल ते सांगेल, पण माझ्याकडचं मी सांगते, कारण तुझ्यापासून मी काही लपवलेलं नाही.

रविवारी तो आला. हातात वरूडच्या संत्र्यांची पिशवी. मी दारातच वांगी भाजत बसले होते. त्यानं वाकून पाया पडून मला आई म्हटलं. मी ओ दिली. सांगायचं ठरवून बसले होते, तोंडातून ओ निघाली. तुला वाईट वाटेल, पण झालं ते असं झालं.

खरं सांगायचं मग दिवसभर पुढे ढकललं. भरीत केलं, भाकरी केल्या. तो म्हणाला की अशी भाकरी अमरावतीत मिळत नाही. मी म्हटलं की हे इंदूसमोर बोलून दाखव, लाटणं फेकून मारेल. जेवण झाल्यावर त्यानं डोक्याला टॉवेल बांधून त्या सिनेमातला पहेलवान करून दाखवला. स्वतःच्या गळ्यात स्वतःच पडत होता. शेजारची जानरावची बायको भिंतीवरून पाहत होती, ती हसता हसता खाली बसली. मीही हसले. माझ्या घरात एवढ्या मोठ्यानं कोणी हसल्याला फार वर्षं झाली.

मग त्यानं मला विचारलं की मी लहान असताना कसा होतो. इंदूबाई, तेव्हा तरी मी थांबायला पाहिजे होतं. मी सांगत बसले. बांगडी मुठीत धरल्याशिवाय झोपायचा नाही. शेळी ओरडली की खदखदा हसायचा. दात यायला लागले तेव्हा लाकडी पळी चावायचा. भगवंताचं हे सगळं मी कोणाला सांगितलं नव्हतं. ऐकायला कोण होतं? तुझे दादा तर त्याचं नाव काढलं की उठून बाहेर जायचे. देवराव मांडीवर हात ठेवून ऐकत होता, जणू स्वतःचंच ऐकतो आहे. तेवढा वेळ माझा भगवंत मोठा झाला होता, कचेरीत जात होता, त्याला पांढरा सदरा शोभत होता.

संध्याकाळी त्यानं सांगितलं की मोर्शीच्या मुलीकडे आपण दोघं जाऊ, तिच्या आईला मी माझी आई दाखवतो. तो हे एवढ्या आनंदानं म्हणाला की मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हसताना वरचा ओठ वाकडा होतो ना, तो तुझाच. तुझं पत्र मला आठवलं. तुला दुसरं कोणी नाही, हे खरं. मलाही नाही. पण हे पोर तुझं आहे.

तुझ्यावर मी रागावलेली नाही. तूही माझ्या त्या एका दिवसावर रागावू नकोस आणि माझ्यावरचा जीव कमी करू नकोस. मोतीरामजींना नमस्कार. कौशल्याचं अक्षर छान आहे, तिला सांग.

इथेच पत्र संपवणार होते, पण सोमवारचं राहिलं. सोमवारी मी कापसाच्या जिनात कामाला गेले नाही. देवरावाला मोर्णा नदीच्या काठी घेऊन गेले आणि भगवंताला जिथे पुरलं ती जागा त्याला दाखवली.

तुझी वहिनी,
मनकर्णा