आईंच्या घराचं मीटर

तुझा फोन बंद येतोय, म्हणून ही चिठ्ठी फ्रिजवर चिकटवून जातेय. आईंना हॉस्पिटलमध्ये नेलंय. तुझी बहीण त्यांच्याजवळ आहे, मी त्यांच्या घरून कपडे घेऊन परत जाताना इथे थांबले.

काल सकाळी चहा पिताना तू आईंच्या मीटरचा आकडा दाखवत मोबाइल माझ्या नाकासमोर धरलास. "गावभर स्मार्ट मीटर उगाच बसवतोय का मी? हे बघ, गिझर लागला, म्हणजे आई उठली. रोज खेपा कशाला घालायच्या?" मीही काल गेले नाही. आज मात्र राहवेना. शेजाऱ्यांना बोलावून दार फोडावं लागलं. आई बाथरूममध्ये पडल्या होत्या, कालच्या अंघोळीपासून. गिझर चालूच होता, दिवाही. मला बघून म्हणाल्या, "आधी तो गिझर बंद कर गं."

खुब्याचं हाड मोडलंय. पुढचं डॉक्टर काही बोलत नाहीत. जेवण झाकून ठेवलंय, दोन घास खाऊनच निघ. त्या सारखं तुलाच विचारतायत. काय सांगायचं, ते तुझं तू ठरवून ये.

त्यांच्या घरून निघताना मी तिथला मेन स्विच बंद केलाय. फोन चालू केलास की मीटर शून्य दाखवेल. घाबरू नकोस, आई अजून आहेत.