श्रुतिकासाठी पाच इंद्रियांचं घर

मंगळवार, ६ जानेवारी २०२६
श्रुतिका मुलुंडला भावाकडे गेली. म्हणाली, या घरात माझा जीव रमत नाही. अठराला रविवारी येऊन काय ते ठरवणार. भांडण नाही, आदळआपट नाही. म्हणजे दोष घराचा. निदान झालं, अर्धं काम झालं! मोबाईलवर एका डिझायनरबाईंचा व्हिडिओ पाहिला. घराने म्हणे पाचही इंद्रियांशी बोललं पाहिजे. चारकोपचं आमचं वन रूम किचन कुणाशीच बोलत नाही. बारा दिवस आहेत. चिक्कार झाले.

गुरुवार, ८
डोळे. हॉलला समुद्री हिरवा रंग. डब्यावर शांत दिसत होता, भिंतीवर सरकारी दवाखाना वाटतो. दिवे लावल्यावर बरा दिसेल.
दिवे लावले. रात्रपाळीचा दवाखाना.

शनिवार, १०
कान. बाथरूमच्या भिंतीला लागून छोटं कारंजं बसवलं. डोळे मिटले की थेट तिच्या कोकणातल्या गावचा व्हाळ वाहतोय. झकास. रात्रभर चालू ठेवणार.

रविवार, ११
खालचे शिवदासकाका सकाळीच प्लंबर घेऊन हजर. रात्रभर पाणी ऐकून झोपले नव्हते. मी म्हटलं, काका, डोळे मिटून ऐका, बरं वाटेल. ते म्हणाले, लीकेजपायी दोन वर्षं छताखाली बादली ठेवून झोपतोय, मला शिकवू नकोस. प्लंबरने आधी बाथरूमची भिंत फोडली, मग कारंजं पाहिलं. कलेची कदर नाही लोकांना.

मंगळवार, १३
नाक आणि जीभ एकाच खर्चात. गोराईहून सुके बोंबील आणून खिडकीत टांगले. तिच्या माहेरच्या पडवीत असेच असतात. संध्याकाळपर्यंत खिडकीत पाच मांजरं. घर जिवंत वाटतंय.

बुधवार, १४
संक्रांत. ऑफिसात तिळगूळ वाटला. मुलुंडला जाऊन यावं असं वाटलं, पण उद्या सारवायचं आहे. प्राधान्य ठरवायला हवं माणसाने.

गुरुवार, १५
स्पर्श. रजा टाकली. आरेच्या गोठ्यातून बादलीभर शेण. तीन रिक्षावाले नाही म्हणाले, चौथ्याने डबल भाडं घेतलं. हॉल सारवला. दुपारी श्रुतिकाचा फोन. हात शेणाचे, उचलला नाही. नंतरही केला नाही, बोलण्यात सरप्राइज फुटलं असतं.

शनिवार, १७
शेण मातीवर धरतं, टाइल्सवर नाही, हे मला कोण सांगणार? वाळत नाही, नुसतं सरकतं. सकाळी दोनदा पडलो. आता खरवडतोय. हिरवट डाग भिंतीला मॅच होतात. काही हरकत नाही. काही हरकत नाही.

रविवार, १८
चारला आली. ओढणी नाकाला. मी पाची इंद्रियं समजावून सांगितली, वीस मिनिटं. मग ती म्हणाली, गुरुवारी फोन केला होता. न्यायला ये, कंटाळले, एवढंच सांगायचं होतं. तू संध्याकाळी तरी करशील म्हणून हातात मोबाईल घेऊन बसले. घराचं काय करायचंय रे मला, दोन वर्षं मी काहीही सांगितलं की तू दुसरंच काहीतरी करायला घेतोस.
मी म्हटलं, कारंजं परत चालू करून दाखवू का?
तिने कपाटातले उरलेले कपडे बॅगेत भरले. दारात चप्पल घालायला खूप वेळ लावला. मी पाहत उभा होतो. राहा म्हणायचं होतं. तेवढं एक म्हटलं नाही.

रात्री ८
राहा गं. इथे लिहून काय उपयोग.