दगडातून पानी आला

बाई, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं तरी झाली असतील, आणि मी इथे साउथहॅम्प्टनला उन्हात खुर्ची टाकून तुम्हाला लिहितोय. सातवीला तुम्ही मराठी शिकवायचात. कविता वाचायला लागलात की आमच्या वर्गाचे पत्रे उडून जायचे, वर नुसतं आभाळ. पुढे सगळी नोकरी इथल्या हॉस्पिटलात गेली, पण एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात जाताना मनात ज्या ओळी चालायच्या, त्या तुमच्याच चालीत.

'ण'सुद्धा तुमचाच. आमच्या वस्तीत सगळे 'पानी' म्हणायचे. तुम्ही मला बाकावर उभं केलंत. "म्हण, पाणी." "पानी." वर्ग हसतो. "पुन्हा." वर्ग पुन्हा हसतो. स्नेहसंमेलनाची कविता मी महिनाभर घोकली होती; आदल्या दिवशी तुम्ही ती दुसऱ्याला दिलीत. "आवाज चांगला आहे रे तुझा, पण 'ण' काही तुझ्या घरचा नाही." त्यानंतर मी घरी आईचं बोलणं सुधारायला लागलो. हळूहळू ती माझ्यासमोर गप्पच राहायला लागली. तुमच्या शिकवण्याचा हा गुण तुम्हाला कधी कळवला नव्हता.

मागच्या महिन्यात नात मला पेट्राला घेऊन गेली. वाळवंटात डोंगर कोरून वसवलेलं जुनं शहर. दोन उभ्या कड्यांमधून वाट जाते, वर आभाळाची चिंधी, आणि दगड असा की गुलाबी म्हणावा तर जांभळा होतो. मी तर विरघळूनच गेलो होतो. गाइडने कड्यात कोरलेली लांबच लांब पन्हळ दाखवली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी तिच्यातून शहरात यायचं. मी तिच्यात बोटं घातली. कोरडी, उन्हाने तापलेली.

"आजोबा, थांबा ना. मी पोएम केलीय. पूर्ण मराठीत, तुमच्यासाठी." नात वाढली मेडनहेडला, तिला देवनागरी येत नाही. फोनवर इंग्रजी अक्षरांत लिहून आणलेलं ती वाचायला लागली. आमच्या ग्रुपमधलं लेस्टरचं मराठी जोडपंही कौतुकाने थांबलं.

"दगडातून पानी आला, माझा आजोबा हसला..."

"पाणी," मी म्हटलं. "आणि आला नव्हे, आलं. आजोबा हसला नाही, हसले. म्हण."

"पण मग राइम जातो ना, आजोबा."

"जाऊ दे. म्हण, पाणी."

"पानी."

"पुन्हा."

लेस्टरचे गृहस्थ म्हणाले, "राहू द्या हो डॉक्टर, किती गोड म्हणत होती!" आणि हसले. ते प्रेमानेच हसले, पण ती लाल झाली. "पानी," ती पुन्हा म्हणाली. मग मी म्हटलं, "कवितेच्या भानगडीत पडू नकोस. ही भाषा तुझी नाही." तिने फोन खिशात ठेवला. "Okay, Grandad. Shall we go?" पुढे चार दिवस तिने माझी औषधं वेळेवर दिली, चढावर हात धरला, सगळं इंग्रजीत. विमानात मी विचारलं, पुढच्या ओळी काय होत्या? "Doesn't matter. I've deleted it."

आता दर रविवारी तिचा फोन येतो. 'ग्रँडॅड'ला येतो. आजोबाला येत नाही.

खरं तर आज मी तिलाच लिहायला बसलो होतो. मराठीत लिहिलं तर तिला वाचता येणार नाही. आणि इंग्रजी सॉरी मी इथे बसमध्ये कुणाचा पाय लागला तरी म्हणतो, ते तिला काय पुरणार? म्हणून हा कागद तुमच्याकडे वळला. तुमच्यापर्यंत तो पोचायचा नाही, आणि तिच्या हाती मी तो पडू देणार नाही. कारण ती दुसऱ्यांदा अडखळली आणि तो माणूस हसला, तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, बाई. बरं वाटलं होतं.