बाण कुणीकडे काढायचा?

४ मार्च
पुन्हा तीच पोरं! जुलाब बरे करून घरी पाठवलेली जुळी आज परत वॉर्डात. त्यांची आई म्हणते, "डॉक्टर, आम्हाला इथला पासच काढून द्या." हसले. मग हसू आटलं. मी बरं करते, ती टेकडीवर आपल्या घरी जातात, तेच पाणी पितात, परत येतात. खाटा पुरेनात.

दोष कुणाचा ते मला माहीत आहे. पाणीखात्याचा! त्या खात्याचा इंजिनिअर आत्ता सोफ्यावर आडवा पडून मॅच बघतोय. नवरा आहे माझा.

७ मार्च
वरून फर्मान – दवाखाना, पाणीखातं, शाळा, वस्ती, सगळ्यांनी एकत्र बसून कार्यशाळा करायची. 'समग्र विचार'! नवरोबा म्हणाला, "समग्र चहा-बिस्किटं म्हण."

११ मार्च
शाळेचा हॉल, भिंतभर कागद. कार्यशाळा घेणाऱ्या बाईंनी मधोमध लिहिलं – मुलांचे जुलाब. "कशामुळे काय होतं त्याचे बाण काढा. कुणाला नावं ठेवायची नाहीत."

म्हणजे काय! बाण मग कशाला असतात? मी पहिलाच काढला, लाल, जाडजूड – थेट पाणीखात्यावर. नवरोबा शांतपणे उठला, दुसरा काढला – 'दवाखाना: नुसत्या नोटिसा चिकटवतो.' मुख्याध्यापिका बाई आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिल्या. "तुमचं घर कसं चालतं हो?"

हॉल हसला. आम्ही नाही.

१२ मार्च
अबोला. मीठसुद्धा सासूबाईंमार्फत. त्या वैतागल्या – "ओली छत्री बाहेर ठेवता ना? तसे ते बाणही दाराबाहेर ठेवून येत जा."

१४ मार्च
आज लवकर घरी आले. स्वयंपाकघरात घुर्रर्र! ओट्याखाली वाकून बघते तर मोटर! थेट नळाच्या पाइपला! पाणीखात्याच्या इंजिनिअरच्या घरात!

सासूबाई काही ओशाळल्या नाहीत. "ओरडू नकोस. 'पाणी भरून ठेवा, उकळून प्या' अशी नोटीस कुणी लावली? तूच ना? भरू कशी? नळ दोन तास यायचा, तुझ्या नवऱ्याने एक तासावर आणला. गल्लीत घरोघरी मोटर आहे. मी एकटीनेच शहाणं होऊन कोरडं राहू?"

तेवढ्यात नवरोबा आला. मोटर बघून अबोलाच विसरला! "अगं, पाइप गळका आहे. मोटरने ओढलं की बाहेरची घाण आत शिरते, ती पुढे टेकडीवर जाते!"
"मग तास कमी का केलेस?"
"गढूळ पाण्याच्या तक्रारी आल्या म्हणून! दुरुस्तीला वेळ नको?"

मी बोटांवर मोजू लागले. तास कमी, म्हणून मोटर. मोटर, म्हणून घाण. घाण, म्हणून जुलाब. जुलाब, म्हणून माझी नोटीस. नोटीस, म्हणून आणखी मोटर. मग तक्रारी, आणि तास आणखी कमी!

"हे तर गोल आहे," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी आम्ही एकाच बाजूला बसलो होतो – ओट्यापुढे, फरशीवर.

१८ मार्च
दुसरी बैठक. तो गोल आम्ही दोघांनी मिळून काढला. मी म्हटलं, "सुरुवात आमच्या ओट्याखालून होते." मग मुख्याध्यापिका बाईंनी हात वर केला. "शाळेतही आहे." मग एकेक करत सगळेच हात वर! कार्यशाळेच्या बाई खुर्चीत टेकल्या – "आता खरं काम सुरू झालं."

ठरलं – तास परत दोन, गळती आधी बुजवायची, मोटरी सगळ्यांनी एकाच दिवशी काढायच्या. नोटीस मी बदलायची. कुणीतरी विचारलं, "एकाने जरी लावली तर?"


५ एप्रिल
मोटरी निघाल्या. नळाला करंगळीएवढी धार. सासूबाई नाटकाला बसल्यासारख्या नळापुढे खुर्ची टाकून. आणि शेजारून – घुर्रर्र! पदर खोचून निघाल्या. दारातूनच शेजारीण ओरडली, "मिक्सर आहे हो काकू, मिक्सर!"

संध्याकाळी जुळ्यांच्या आईचा फोन. "डॉक्टर, पाणी वरपर्यंत आलं. आपलं आपण! अगदी स्वच्छ!" नवरोबाला सांगितलं. तो गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला. बराच वेळ. लाल नाक घेऊन आत आला.

२ मे
वॉर्डात एकच पोरगा, आणि त्याने मणी गिळलाय! सिस्टरनी सगळ्या गाद्या उन्हात टाकल्या.

१७ मे
बदली! माझी! 'मुलांचा वॉर्ड रिकामा असल्याने डॉक्टरांची आवश्यकता नाही.' आता नदीपलीकडचा दवाखाना – तिथे पोरं जमिनीवर झोपवलीत. नवरोबाने हुकूम दोनदा वाचला.

"तिकडचा पाणीवाला माझ्याहून हट्टी आहे," म्हणाला, "आणि तो काही तुझा नवरा नाही."